ठकुबाईचं नाव

“पंखा चांगला फिरालाय की दोड्डप्पा, मग उघडलासा कशाला?”

कृष्णातने मान वर केली. दारात ठकू उभी होती आणि तिच्यामागे तिची आई मरगदम, हातात केळ्यांची फणी घेऊन. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कृष्णातने टेबलफॅनचे सगळे भाग मांडले होते. पंख्याला खरंच काही झालं नव्हतं. मागच्या रविवारी त्याने असाच स्टोव्ह उघडला होता, त्याच्या आधी दाराची कडी. आठवडाभर बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात व्हॉल्व्ह जोडताना दिवस कसाही निघून जाई. रविवार मात्र अंगावर यायचा. बायको गेल्यापासून त्याला घरात बसवत नसे. बसला की उठावंसं वाटे, आणि उठल्यावर कुठे जायचं ते कळत नसे.

“जाम झाला होता,” तो खोटंच म्हणाला. “या. आत या. बसा.”

बसायला जागा करण्यासाठी तो पंख्याची पाती इकडून तिकडे सरकवू लागला. पोरगी अलगद पाय टाकत आत आली आणि नेहमीसारखी खाटेवर चढून बसली. सात वर्षांची, सावळी, तेल थापून दोन वेण्या घातलेली. घरात तमिळ, शाळेत कन्नड, आणि कृष्णातशी बोलायची ती थेट निपाणीकडची मराठी. ती तिला कृष्णातच्या बायकोने, ठकुबाईने दिली होती. मरगदम कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची तेव्हा ही दिवसभर ठकुबाईच्याच पदराला असे. मरगदम तिला अक्का म्हणायची म्हणून पोरीची ती दोड्डम्मा, मोठी आई, आणि कृष्णात दोड्डप्पा. पोरीचं नावही ठकुबाईच. एका ओळीत खोल्या आणि मध्ये सामाईक नळ असलेल्या त्या वठारात कुणी ‘ठकू’ म्हणून हाक मारली की दोन खोल्यांतून दोन ‘ओ’ येत.

गेल्या पावसाळ्यात काविळीने एक ओ बंद झाली. दिवाळीनंतर मरगदमच्या नवऱ्याने बंगळूरच्याच शिवाजीनगरला खोली घेतली आणि दुसरीही गेली.

“अण्णा, स्वल्प बोलायचं होतं,” मरगदम कन्नडमध्ये म्हणाली. ती अजून उभीच होती. “जूनपासून हिला नव्या शाळेत घालतोय. इंग्लिश मीडियम.”

“मग चांगलं झालं की.”

“हो, पण...” तिने मुलीकडे पाहिलं. “तूच सांग. मी नाही सांगणार.”

पोरीने वेणीचं टोक तोंडात धरलं. “मला शाळेत ठक्क म्हणत्यात,” ती म्हणाली. “कुणाची पेन्सिल हरवली की समदी माझ्या दप्तराकडं बघत्यात.”

कन्नडमध्ये ठक्क म्हणजे लबाड, फसवणारा. कृष्णातला ते ठाऊक होतं. या गावात येऊन त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती.

“आता नव्या शाळेत नाव बदलून मिळतंय. मला भव्या पाहिजे.”

बाहेर नळाखाली कुणाची तरी घागर भरून वाहत होती.

“हिचे अप्पा म्हणतात, बदलू या,” मरगदम घाईघाईने म्हणाली. “मी म्हटलं, हे नाव माझंही नाही आणि तुमचंही नाही. अण्णांना विचारायचं. ते नाही म्हणाले तर विषय संपला.”

“न्हाई,” कृष्णात म्हणाला.

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पोरगी दचकली. तो उठला, पायात चपला सरकवल्या, हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच खिशात घातला. “चहा ठेव मरगदम. आलोच मी,” असं म्हणून तो बाहेर पडला.

रविवारचं पीण्या म्हणजे नुसती शटरं. एरवी जिथे यंत्रांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे तिथे कुत्री आरामात रस्त्याच्या मधोमध झोपली होती. कृष्णात भराभर चालत होता. नाक्यावर चहा घेतला, अर्धा प्यायला, पैसे ठेवून पुढे निघाला. विषय संपला, तो मनात म्हणत होता. मी नाही म्हटलं, विषय संपला. पण पाय थांबत नव्हते.

त्याला मूलबाळ नव्हतं. गावाकडे भावकीत त्याच्या बायकोचा विषय कधी निघत नसे. साऱ्या जगात तिचं म्हणून काही मागे राहिलं असेल तर ते हे नाव, आणि तेही या शहरात, परक्या भाषेच्या घरात. ते तिथे कसं पोचलं हे तो भेटेल त्याला सांगायचा, जणू स्वतः तिथे हजर असल्यासारखा.

तो तिथे नव्हता. पोरगी जन्मली त्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं तेव्हा मालकाने गेट बंद करून सगळ्या कामगारांना आतच ठेवलं होतं. मरगदमचा नवरा गवंडीकामाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला अडकला होता. आणि वठारात मरगदमला कळा सुरू झाल्या होत्या. तमिळ घरं शोधत टोळकं गल्लीत शिरल्याची बातमी आली, तशी ठकुबाईने तिला धरून आपल्या खोलीत आणलं, तिच्या खोलीला आपलं कुलूप घातलं आणि उंबऱ्यात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली.

“इथं तमिळ कोण राहतं?” पुढच्याने विचारलं. हातात काठी होती.

“आम्ही निपाणीचे,” ठकुबाई आपल्या सीमेवरच्या कन्नडमध्ये म्हणाली. “आत माझी बहीण बाळंत होतीय. बायकांच्या खोलीत शिरायचं असलं तर शिरा. मी काही दार अडवत नाही.”

नेमकी तेव्हाच आतून किंकाळी आली: “अम्मा!”

ठकुबाईच्या हातातलं सूप थांबलं. पण कळ आली की कन्नड बाई अम्मा म्हणते आणि तमिळ बाईही अम्माच म्हणते. त्या एका शब्दावरून कुणाला काहीच ओळखता आलं नाही. काठीवाला ओशाळला. “काही पाहिजे का अव्वा?” त्याने विचारलं. “नर्स पाहिजे,” ठकुबाई म्हणाली. आणि तो पठ्ठ्या खरोखरच पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाईला सायकलवर डबलसीट बसवून घेऊन आला. नर्सबाई मरगदमला ओळखत होत्या. त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

बाराव्या दिवशी मरगदमने मुलीचं नाव सांगितलं तेव्हा ठकुबाई तिच्यावर ओरडली होती. “अगं, हे काय नाव हाय व्हय? माझ्या आधीची पोरं जगली न्हाईत म्हणून मरणाला ठकवायला ठेवलं माझं नाव. दुसरं ठेव.”

“मग हिनेही मरणाला ठकवलंच की अक्का,” मरगदम म्हणाली, आणि तिथे ठकुबाईचं काही चाललं नाही.

एवढ्यापर्यंत गोष्ट आली की कृष्णात नेहमी थांबायचा, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचा. आज ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे गोष्ट पुढे सरकली. त्याला रेशनचं दुकान आठवलं. नवीन नवीन बंगळूरला आले तेव्हाचं. दुकानदाराने कार्डावरचं ठकुबाईचं नाव मोठ्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि रांगेत हशा पिकला. पदर सावरत ती पुढे झाली होती. घरी येताना तो चिडून काहीबाही बोलला तर म्हणाली, “हसू देत.” पण त्यानंतर ती रेशनच्या रांगेत कधी उभी राहिली नाही. तुम्हीच जा, माझे पाय दुखतात, म्हणायची. इतकी वर्षं तो पाय दुखतात असंच धरून चालला होता. आणि पलीकडच्या मोठ्या बाजाराला ती डोक्यावर भाजीचं ओझं घेऊन चालत जायची, तेव्हा ते पाय कुठे दुखत होते?

कृष्णात एका बंद शटरसमोर उभा राहिला. मग मागे वळला.

मरगदमने केलेल्या चहावर साय धरली होती. पोरगी खाटेवरून हललीही नव्हती. रडून झालेलं दिसत होतं. कृष्णात तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला.

“तुझ्या दोड्डम्मालाबी हसायची लोकं,” तो म्हणाला.

“मग तिनं काय केलं?”

“गप बसली.”

“मी न्हाई बसणार.”

“नको बसूस.”

मरगदम काही म्हणायला गेली, पण त्याने हाताने थांबवलं. त्याला एकाएकी काहीतरी सुचलं होतं, आणि ते सांगताना त्याचा चेहरा उजळला.

“ऐक. आमच्यात लग्नात बायकोचं नाव बदलत्यात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं बोटानं लिहायचं. मी लिहिलं होतं नीलिमा. कॅलेंडरवर वाचलं होतं. तिला लई आवडलं. पण माझ्या आईला म्हणायलाच जमंना, लिनिमा म्हणायची. महिन्याभरात समदी परत ठकुबाईवर आली.” तो थोडा पुढे सरकला. “तेच ठेवू या? नीलिमा? तिचंच हाय म्हण की.”

पोरीने विचार केला. अगदी मनापासून केला, कपाळाला आठ्या घालून.

“म्हातारीचं वाटतंय,” ती म्हणाली. “भव्याच.”

मरगदमने तिच्या पाठीत धपाटा घातला. कृष्णात मात्र हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने खांद्याला पुसलं.

“सरी, ठीक हाय,” तो म्हणाला. “भव्या तर भव्या.”

आता मरगदमच रडू लागली. “मग अक्काचं काय राहिलं अण्णा? तुम्ही तरी नाही म्हणायचं होतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणूनच मी इथवर आले.”

“ती उंबऱ्यात बसली ती हिच्यासाठी,” कृष्णात म्हणाला. “नावासाठी न्हवं.”

त्याने गार चहा एका घोटात संपवला. मग तिघांनी केळी खाल्ली. मुलगी नव्या शाळेच्या गणवेशाबद्दल, टायबद्दल बोलत राहिली. तो मान डोलावत राहिला, पण निम्मं त्याच्या कानावर पडलंच नाही. त्या निघाल्या तेव्हा तोही स्टॉपपर्यंत गेला.

स्टॉपवर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. मुलगी दिसताच तिने बोळकं पसरून विचारलं, “निन्न हेसरेनम्मा?” नाव काय तुझं.

मुलीने कृष्णातकडे पाहिलं. मग आईकडे. मग खाली मान घालून ती काहीतरी पुटपुटली.

“आं?” म्हातारीने कानामागे हात धरला. “काय? ऐकू येत नाही गं मला. मोठ्याने सांग.”

मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. मरगदम दुसरीकडे पाहत होती. रस्त्यावरून एक लॉरी धडधडत गेली, तिची धूळ हळूहळू खाली बसली. मग कृष्णात खाकरला. म्हातारीच्या कानाशी वाकला.

“भव्या, अज्जी,” तो मोठ्याने म्हणाला. “भव्या.”

“भव्या!” म्हातारी खूश होऊन म्हणाली. “छान नाव.”

“होय,” कृष्णात म्हणाला. “छान आहे.”

शिवाजीनगरची बस आली ती खच्चून भरलेली. मायलेकी आणि म्हातारी, तिघी रेटारेटी करत चढल्या. पुढच्या दाराजवळ कुणीतरी म्हातारीला जागा दिली, तशी तिने टोपली पायांत घेतली आणि भव्याला ओढून मांडीवर बसवलं. कृष्णातने हात वर केला. बस सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी हात खाली घ्यायचं त्याच्या लक्षात आलं नाही.