गोजराचा हापसा

रबाळ्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून चार महिन्यांत हौसेरावांनी घरातल्या पाच वस्तू उघडल्या होत्या. परत जोडलेली एकच, दारावरची बेल; तीही बटण दाबलं तर गप्प आणि दार आपटलं की वाजायची. बायकोला, गोजराला, हा हिशेब तोंडपाठ होता. तिने निकाल दिला, "रविवारी भंगारवाला येल. तवर तुमचा रेडू बोलला नाय, तर हत्यारांची पेटी त्याला देनार."

तेहतीस वर्षांची पेटी! आणि हौसेराव स्वतः बनवत होते तो रेडिओ तर अगदी साधा: पाइपाच्या तुकड्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी, एक डायोड, कानात घालायचं एक बोंडूक. बॅटरी नको, वीज नको. एरिअल गच्चीवरून सोडलेली, अर्थिंगची तार अंगणातल्या नळाला.

रविवार उजाडला. रेडिओ मुका.

हौसेराव गच्चीवर गेले, खाली आले, परत गेले. डायोड उलटा लावून पाहिला, सुलटा लावून पाहिला. चहा दोनदा निवला.

"पप्पा, बसा ना जरा," सून सोनल म्हणाली. "तुमच्याकडे बघून मलाच टेन्शन येतंय."

"बसलो की मुंग्या येतात गं."

पायरीवर जवळा निवडत बसलेल्या गोजराने मान वर केली. "ती तार नलाला कशाला?"

"नळ जमिनीत जातो. अर्थिंग लागते."

"आपला नल कवा गेला जमिनीत? टाकी गच्चीवर. नि पाइप तुमीच प्लास्टिकचे घातले. गाव बोलावून दाखवले!"

हौसेरावांनी नळाकडे असं पाहिलं, जणू चूक त्याचीच. घरात जमिनीत खोल गेलेलं लोखंड एकच उरलं होतं, अंगणाच्या कोपऱ्यातला बंद हापसा. भाडेकरूंच्या बाइका लावायला तो उपटायचा त्यांनी गेल्या वर्षी घाट घातला होता. नवी नवरी म्हणून आल्या दिवशी गोजराने त्याच हापशाला हळद-कुंकू वाहिलेलं. मजूर उपटायला आले तेव्हा ती अख्खी दुपार त्याला पाठ लावून बसली. ते हात हलवत परत गेले. पण हौसेरावांनी हेका सोडला नव्हता.

आता ते हापशापाशी घुटमळले. "तार बांधू काय इथं?"

"मला काय कलतं त्यातलं?"

गल्लीच्या तोंडाशी आरोळी आली, "भंगाऽऽर!"

"गोजरा, बांधू दे ना!"

"आंदी बोला, हापसा ऱ्हानार."

"राहणार."

"बाइका?"

"जाऊ दे खड्ड्यात बाइका!"

तिने सूप बाजूला सरकवलं. हौसेरावांनी पेटीतल्या कानशीने गंज खरवडला, तार आवळली, फळीवर मांडलेला रेडिओचा पसारा उचलून आणला. बोंडूक कानाला लावणार, तोच गोजराने ते हातातून काढून आपल्या कानात घातलं. तिच्या भुवया वर गेल्या.

"काय लागलंय? बोल की!"

फाटकाशी हातगाडी थांबली. "मावशी, पेटी देणार होता ना?"

गोजराने दुसऱ्या कानावर हात दाबला. "पुढं जा रं भाऊ. बाई बोलतेय आतून, ऐकू दे."

हौसेराव हापशाभोवती फेऱ्या मारू लागले. बोंडूक एकच होतं.