चार बोटं डावीकडे

शस्त्रागाराच्या मिस्त्रींनी पिस्तूल टेबलावरच्या शिकंज्यात आवळलं, डावा डोळा मिटून मागच्या खाचेतून नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो बारीक उंचवटा, निशाणाच्या काळ्या ठिपक्यावर आणली आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही ठिपक्यात. आता आणखी काय बघायचं, असा चेहरा करून ते स्टुलावर बसले.

शिपाईबाई मात्र जागची हलेना. बारा वर्षं सशस्त्र पहाऱ्यावर काढलेली बाई यंदा नेमबाजीत दोनदा नापास झाली होती. गोळ्या एकत्र पडायच्या, पण चार बोटं डावीकडे. आज दुपारी शेवटची संधी. हुकली की पहारा कायमचा सुटला. मिस्त्रींनी तरी काय करायचं बाकी ठेवलं होतं? नळी घासली, स्प्रिंग बदलली, गोळ्या बदलल्या. शेवटी म्हणाले, दोष हाताचा आहे, चाप हिसडतेस तू. मग तिने महिनाभर रोज सकाळी रिकामं पिस्तूल भिंतीवर रोखून सराव केला. भिंत शरण आली बघ, म्हणून नवऱ्याने चेष्टा केली. गोळ्या काही ऐकेनात.

"काका, न हलवता मी एकदा बघू का?"

बघ बाई, हौस फेडून घे, म्हणत ते बाजूला झाले. ती वाकली ती बराच वेळ सरळ झालीच नाही.

"माशी ठिपक्यावर नाहीये. उजवीकडे आहे."

मिस्त्रींनी पुन्हा डोळा लावला. ठिपक्यावरच तर होती. दमलीस तू, ते म्हणाले, आणि हत्यारांच्या कोठारवाल्या बाईंना हाक मारली. जाड भिंगांचा चष्मा सावरत त्या वाकल्या आणि विचारत्या झाल्या, नेम इतका उजवीकडे का धरलाय?

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पिस्तुलाची खाच मिस्त्री स्वतःच्या नजरेने बसवत. बत्तीस वर्षं हीच रीत, आणि तिचाच काय तो त्यांना अभिमान. त्यांनी रुमालाने उजवा डोळा पुसला, बघितलं, परत पुसला.

खाच तेवढी सरकवून द्या, शिपाईबाई हळूच म्हणाली, ही गोष्ट खोलीबाहेर जायची नाही. कोठारवाल्या बाईंनीही मान हलवली. निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस, कशाला उगीच शोभा करायची.

मिस्त्रींनी हातोडी उचलली. तू बघ, मी ठोकतो, म्हणाले. तिसऱ्या ठोक्याला ती बस्स म्हणाली. मग पिस्तूल हातात घेऊन तिने पाच झाडल्या. पाचही ठिपक्यात. तिला धड हसूही येईना.

"गेल्या वर्षी त्या लंबू शिपायाला पहाऱ्यावरून काढलं," मिस्त्री म्हणाले. "तोही म्हणत होता, डावीकडे जातंय. मीच लिहून दिलं, हाताचा दोष."

त्यांनी आपल्या हातून गेलेली सगळी पिस्तुलं परत मागवायला सांगितली. साहेबांना काय सांगायचं ते माझं मी बघतो, म्हणाले. मग लंबूचा पत्ता मागितला. तो गाव सोडून गेलाय, कोठारवाल्या बाई म्हणाल्या, पत्रच पाठवू की.

"पत्र नको. तोंडाने सांगायला हवं."