ताईची शर्यत

"ताई, त्या कॅनव्हासच्या बुटांत पळू नकोस, गुडघे जातील. हे घाल." धाकटीने आपले जुने बूट पुढे सरकवले. "आणि मागेच राहा हं. माझी माणसं वेगात पळतात."

ताई नुसती हसली. उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबली होती ती. ड्यूटीवर जाण्याआधी, उजाडताना, गावाबाहेरच्या रस्त्यावर पळून यायची. लग्न राहिलं, पळणं राहिलं नाही. धाकटीच्या शहरात मात्र ती पहिल्यांदाच आली होती, तेही स्वतःच विषय काढून.

तळ्याकाठी बरीच मंडळी जमली होती. दातांचे डॉक्टर, एक वकीलबाई, बँकेतले साहेब. सगळे धाकटीला 'कोच' म्हणत होते. ताई सांगितल्याप्रमाणे मागेच राहिली. पण धापा टाकत बँकेतले साहेब अगदीच मंदावले, तेव्हा तिचा नाइलाज झाला. ती त्यांच्या शेजारून पुढे निघून गेली.

तळ्याला वळसा घालून सगळे पायऱ्यांवर टेकले.

"कोच, नव्या लोकांना ती शर्यतीची गोष्ट सांगा ना," वकीलबाई म्हणाल्या.

"आज राहू दे," धाकटी घाईने म्हणाली.

"असं कसं? सांगाच!"

धाकटीने ताईकडे पाहिलं नाही. "जिल्ह्याची शर्यत होती. पायात बूट नव्हते, अनवाणीच पळाले. शेवटच्या वळणावर अंगठ्याचं नख उखडलं. मागे रक्ताचे ठसे उमटत होते. तरी पहिली आले."

टाळ्या पडल्या.

उसन्या बुटात ताईचा अंगठा आक्रसला. त्या दिवशी धाकटी बाबांच्या खांद्यावर बसून फुग्यासाठी रडत होती. पुढच्याच वर्षी बाबांनी अंथरूण धरलं, ताईने मैदान सोडून नर्सिंगचं हॉस्टेल गाठलं. धाकटीच्या पायात पहिले बूट घातले ते तिनेच.

"तुम्हीही पळायचात का हो तेव्हा?" डॉक्टरांनी ताईला विचारलं.

धाकटी बाटलीचं झाकण नुसतंच फिरवत राहिली.

"छे हो! मी आपली काठावर उभी. हिच्या नावाने ओरडायला."

सगळे हसले. धाकटीही हसली, जरा उशिरा.

मंडळी पांगली. घराकडे पळताना धाकटीने ताईला गाठलं.

"रागावलीस? अगं, लोकांना असं काहीतरी ऐकायला लागतं. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं तरी काय?"

"मागितलं असतंस तर दिलं असतं गं. आजवर कशाला नाही म्हटलं?"

"एवढीशी तर गोष्ट, ताई."

"एवढीशीच. पण माझ्याकडे तेवढीच होती."

ताईने पाय उचलला. धाकटीच्या हाका मागे पडत गेल्या. बंद दुकानं, दूधवाल्याची गाडी, झाडलोट करणारी बाई, सगळं मागे पडलं. या वयात आपण एवढं पळू शकतो, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

पुढे चौक आला. तिथून चार रस्ते फुटत होते, चारही सारखेच. घर कुठल्या बाजूला, ते तिला ठाऊक नव्हतं.

धाकटी दूरवरून धापा टाकत येत होती. ती येईपर्यंत ताई तिथेच, जागच्या जागी पळत राहिली.