वीतभर खाली

बाळ्या माळ्याने साठी ओलांडली, तरी थोरली बहीण त्याला बाळ्याच म्हणायची. तिने पंधरा वर्षं खपून एक गुलाब घडवला होता. त्याच्या पानालाही लिंबाच्या सालीचा वास यायचा. मूळ झाड गेल्या थंडीत गेलं. उरली कुंड्यांतली नऊ कलमं. लांबच्या इस्पितळात जाताना ती तिने भावाच्या हवाली केली.

कलमांसाठी राखलेल्या वाफ्यात लव्हाळा माजला होता. खुरपून खुरपून माळ्याने हात टेकले. वरून फवारलेल्या औषधाला तर तो भीकच घालत नव्हता. शेवटी माळ्याने छोट्या ट्रॅक्टरला रुंद पातं जोडलं. पातं वीतभर खोल सरकतं, त्याच्या पोटाखालच्या नळ्या तणनाशकाचा पातळ थर अंथरत जातात आणि माती पुन्हा वर बसते. वरून बघाल तर काही घडलेलंच नाही.

लव्हाळा मेला. चार महिने काही लावू नये, असं डब्यावर छापलं होतं. अडीच महिने झाले आणि डॉक्टरांचा निरोप आला, महिन्याभरात बहिणीला घरी न्या. बरी झाली म्हणून नव्हे, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. तिला काय कुंड्या दाखवायच्या? माळ्याने कलमं जमिनीत लावून टाकली. एवढा जाणता माणूस, पण त्या दिवशी अक्कल गहाण पडली.

पंधरा दिवस कलमं तरारली. मग मुळं थराला टेकली. नववं कलम बहीण यायच्या आदल्या दिवशी वाळलं. त्याने उपटून पाहिलं, तर सगळी मुळं एका रेषेत खुंटलेली.

बहीण आली तेव्हा कळलं, तिची नजर गेली होती. फोनवर ती काही बोलली नव्हती.

अंगणात खुर्चीवर बसून तिने विचारलं, "रुजली का रे?"

"हो ताई. छान रुजली."

"एक पान दे बघू हातात."

माळ्याने शेजारच्या साध्या गुलाबाचं पान तोडून दिलं. तिने ते चुरगाळून नाकाशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"नऊ होती," ती म्हणाली. "एक तरी?"

लहानपणी काही फोडलं की तो तिच्याच मागे लपायचा.

"तुला बघायला मिळावीत म्हणून घाई केली, ताई."

"मला कुठे दिसणार होती, बाळ्या," ती म्हणाली. "थांबायचं होतंस."