अर्धी टाकी

"दाब पेडल. दाबून धर," ट्रकखालून धोंडप्पा मिस्त्री ओरडला.

मच्छिंद्रने पाय रोवला. पेडल क्षणभर अडलं आणि मग हळूहळू पायाखालून सरकत फळीला टेकलं.

"गेलं, धोंडप्पा."

"जाणारच. आतलं रबर कुजलंय." म्हातारा हात पुसत बाहेर आला. "तीनदा पंप मारलास की धरतंय. चौथ्यांदा धरंल का न्हाय, देवाला ठावं."

सहकारी वाहतूक संस्थेचा हा ट्रक एरवी ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहायचा. शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात वाहायला ऊसच राहिला नव्हता, म्हणून संस्थेने त्याच्या पाठीवर पत्र्याची टाकी चढवली आणि गावांना पाणी पोचवायचं काम घेतलं. टाकी स्वस्तात बनवलेली. आत पाणी अडवायला एक आडवा पत्राही नाही, नुसता मोकळा डबा. मच्छिंद्र बावीस वर्षं गाडी चालवत होता. त्याच्या हातून कुणाची कोंबडीसुद्धा मेली नव्हती आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता.

रोज संध्याकाळी तो तक्रारवहीत 'ब्रेक' एवढा एकच शब्द लिही. खाली सचिव माणिकप्पा 'पाहिले' लिहून सही करी. पाहिले म्हणजे पुढे काय केले, हे विचारायची संस्थेत पद्धत नव्हती.

"अप्पा, आज गाडी नगं काढाया," मच्छिंद्र माणिकप्पाला म्हणाला.

माणिकप्पा वाईट माणूस नव्हता. त्याचाही जीव टांगणीला लागलेला होता. "रबर सोलापूरहून यायला दोन दिस लागतील. आधीच टायरपायी गाडी दोन दिस हुबी हाय. खडकवाडीला थेंब न्हाय मच्छिंद्र, थेंब. त्या बाया परवा हितं येऊन माझ्या दारात बसल्या व्हत्या. तूच सांग, काय सांगू त्यांला?"

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. त्या उन्हाळ्यात आडही कोरडा आणि विहीरही. मच्छिंद्रने गाडीची किल्ली उचलली.

लोहाऱ्याजवळच्या ज्या विहिरीवर टाकी भरायची, तिने त्या दिवशी पाऊण टाकीवर हात टेकले. पंप नुसता हवा ओढू लागला. पंप बघायला सोबत आलेल्या धोंडप्पाने निघताना खिडकीवर हात ठेवला.

"ऐक. भरली गाडी ऐकती, रिकामी बी ऐकती. अर्धी गाडी फकस्त पाण्याचं ऐकती. पाऊण हाय तवर सावकाश उतरशील. पर आज वस्तीवर थांबू नगं."

"बरं," मच्छिंद्र म्हणाला. म्हणताना त्याने म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाहिलं नाही.

वस्ती म्हणजे खडकवाडीच्या टेकावरची वीस घरं, सगळी बौद्धांची. कागदावर वस्ती गावातच धरलेली, म्हणून यादीत तिचं वेगळं नाव नव्हतं. खाली गावात चावडीपुढे टँकर उभा राहायचा. तिथल्या बाया पहाटेच रस्त्यावर घागरी मांडून नंबर धरत. त्या रांगेत वस्तीची घागर दिसली की कुणीतरी ती उचलून गुपचूप शेवटाला नेऊन ठेवी, आणि शेवटापर्यंत पाणी कधी पुरलं नव्हतं. म्हणून मच्छिंद्र रोज उतार लागण्याआधी टेकावर पाच मिनिटं थांबायचा आणि वीस घरांना वीस घागरी द्यायचा. हे कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

आज थांबायचं नाही, असं तो स्वतःला बजावत आला. वस्ती दिसली तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. रस्त्याच्या मधोमध बनाबाई उभी होती, दोन्ही हातांत धोंडा घेऊन. हँडब्रेक लागत नाही हे तिला ठाऊक होतं. टँकर थांबला की चाकाखाली धोंडा द्यायचा, हे तिने आपणहून अंगावर घेतलेलं काम.

तीनदा पंप मारून त्याने गाडी थांबवली.

"मावशी, आज न्हाय. ब्रेक न्हाय गाडीला."

बनाबाईने आधी धोंडा चाकाखाली दिला आणि मग बोलली. "सून बाळंत झालीया काल. लेकरू पुसून काढलं कोरड्या फडक्यानं. तिच्या तोंडात घालाया पाणी न्हाय मच्छिंदर. तुज्या पाया पडती."

"पाया नगं पडू गं," तो कळवळून म्हणाला आणि खाली उतरला.

तोटी एकदा सुटली की बंद करायला हात धजत नाही. दोन दिवसांची तहान होती. वीस घरांतून घागरी आल्या, हंडे आले, एका म्हातारीने तर काठवट आणली. प्रत्येक वेळी तो म्हणे, "बास, आता बास," आणि प्रत्येक वेळी समोर आणखी एक भांडं असे. शेवटी त्याने बोटाने टाकीवर टकटक केलं. मध्यापर्यंत आवाज पोकळ आला. टाकी नेमकी अर्धी उरली होती.

सगळंच पाणी इथं सोडून रिकामी गाडी खाली न्यावी, असं क्षणभर मनात आलं. पण खालीही लेकरं होती. त्यांनी काय त्याचं घोडं मारलं होतं?

"धोंडा काढ, मावशी."

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर पाणी टाकीच्या एका अंगाला धावलं आणि गाडीला ढुशी बसली. मच्छिंद्रने पंप मारला, एक, दोन, तीन. पेडल फळीला टेकलं ते तिथंच राहिलं. चौथ्यांदा, पाचव्यांदा काही नाही. आता पाणी मागून पुढे येऊन आदळत होतं आणि दर आदळीला गाडी पुढे रेटली जात होती. गिअर दात खाऊन निसटला.

खाली रस्त्यावर घागरींची रांग दिसत होती. बाया चावडीच्या सावलीत बसलेल्या. रस्ता मोकळा होता. नुसत्या घागरी गेल्या असत्या तर गेल्या असत्या.

त्यांनी तिथंच बसून राहावं म्हणून मच्छिंद्रने हॉर्नवर हात दाबला.

आणि दाबल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. दोन महिने रोज याच वळणावरून तो हॉर्न देत होता. खडकवाडीत त्या हॉर्नचा एकच अर्थ होता, पाणी आलं, पळा.

सगळ्या बाया उठल्या आणि रस्त्यावर धावल्या. जी ती आपापल्या घागरीशी उभी राहिली, काखेला लेकरं. "सरका! अगं सरका!" तो ओरडत होता, पण खाली ऐकू जात होता तो हॉर्नच. सगळ्यात पुढे गंगम्मा उभी होती. तिचा नंबर नेहमी पहिला. ती त्याच्याकडे पाहून हसत होती.

मच्छिंद्रने सगळं अंग घालून स्टिअरिंग डावीकडे ओढलं.

गाडी शेताच्या बांधावर चढली आणि आडवी झाली. टाकीचा जोड उसवला. भळकन् पाणी निघालं आणि त्या भेगाळलेल्या काळ्या रानाने ते बघता बघता गिळून टाकलं. बाया किंचाळत धावल्या, पण मच्छिंद्रकडे नाही. त्या भेगांकडे धावल्या. कुणी ओंजळीने, कुणी पदर बुडवून चिखल गोळा करू लागली. त्याला त्यांचा राग आला नाही. त्याचा उजवा पाय दाराखाली अडकला होता, गुडघ्याखालचं काही कळत नव्हतं, आणि त्याच्या डोक्यात एकच होतं. कोण मेलं?

"कुणाला लागलं का?" तो विचारत राहिला. "लेकरू कुणाचं लागलं का?"

"कुणालाबी न्हाय," गंगम्मा आली आणि रडत खेकसली. "गाडी अशी व्हती तर यायचं कशाला, मुडद्या?"

त्याच्याजवळ उत्तर होतं. आलो नसतो तरी तू हेच विचारलं असतंस. माणसांनी दार उचकटून त्याला ओढून काढलं आणि बांधाला टेकवून बसवलं. जीप आणायला कुणीतरी सायकलवर गेलं. पाय बघून सगळ्यांनी नजर वळवली, त्यावरून त्याला कळलं की आता पेडल कधी दाबायचं नाही.

त्याला भयंकर तहान लागली होती. पाण्याच्या गाडीचा ड्रायव्हर, मागायचं कुणाकडे आणि कोणत्या तोंडाने?

टेकावरून आवाज ऐकून बनाबाई उतारानं धापा टाकत आली. डोक्यावर घागर होती, मघाची, भरलेली. तिने ती उतरवली आणि वर पालथा घातलेला तांब्या भरून त्याच्या तोंडाशी धरला.

"नगं मावशी. बाळंतिणीला ठिव."

"तिला हाय घरात. तू पी."

तो दोन घोट प्यायला. पिताना त्याला जाणवलं की आजूबाजूचा गलका थांबला आहे. चिखलाचे हात घेऊन बाया उभ्या होत्या आणि घागरीकडे बघत होत्या. काखेतली लेकरंही बघत होती.

बनाबाईने घागर उचलली. ती रस्त्यावर गेली. घागरींची रांग तशीच होती, एकीलाही धक्का लागला नव्हता. सवयीने ती शेवटाकडे वळली. तेवढ्यात गंगम्मा पुढे झाली आणि तिने पहिल्या नंबरची आपली घागर उचलून मागे घेतली.

त्या मोकळ्या जागेवर बनाबाईने घागर टेकवली.

"आधी लेकरांला द्या," एवढं म्हणून ती रिकाम्या हाताने टेक चढू लागली.

मच्छिंद्र बांधाला टेकून त्या एका भरल्या घागरीकडे बघत राहिला. त्या दिवशी गावात त्याची तेवढीच खेप पोचली होती.