एकोणपन्नास किलोचा भार

पलंगावर आठ उशा होत्या आणि एक नवरा. उशांपैकी दोन तिच्या डोक्याखाली, एक गुंडाळी करून मानेखाली, दोन गुडघ्यांखाली, एक गुडघ्यांच्या मध्ये आणि एक उजव्या मनगटाखाली. आठवी दोघांच्या मधोमध उभी होती, आणि तिचं वैद्यकीय कारण कुणालाच सांगता आलं नसतं. नवरा तिच्या पलीकडे, पलंगाच्या अगदी कडेवर, कुंपणावरच्या मांजरासारखा तोल सांभाळून झोपायचा.

तिचं काम कपडे बेतण्याचं. संधिवात झाल्यापासून कात्री दुसरी बाई चालवायची आणि ही नुसत्या खडूच्या रेघा ओढायची. त्याचं काम वजनकाटे तपासण्याचं. गोदामांतले, दुकानांतले, दवाखान्यांतले काटे खरं बोलतात की नाही, हे प्रमाणित वजनं ठेवून बघायचं आणि शिक्का मारायचा. कचेरीत त्याला 'काटेकोर' म्हणत. चिडली की तीही म्हणायची.

आठव्या उशीचा जन्म एका किंकाळीतून झाला होता. झोपेत त्याचा हात तिच्या मनगटावर पडला आणि ती अशी ओरडली, की पलीकडच्या खोलीतून सासूबाई लाटणं घेऊन धावत आल्या. त्या रात्रीनंतर त्याने तिला हात लावणंच सोडलं. चहाचा कपसुद्धा तिच्या हातात न देता शेजारी ठेवायचा. आणि आता त्याने सुताराकडे एकट्यापुरता दिवाण सांगितला होता. शनिवारी दुपारी यायचा होता.

"तुला आराम मिळेल," तो म्हणाला.

"मला नवरा मिळाला होता. आराम मी मागितलाच नव्हता."

"अगं, पण दुखतं तुला."

"दुखतं ते दुखतं. तू तिकडे गेल्यावर दुखायचं थांबणार आहे का?"

पण दिवाणाची ऑर्डर देऊन झाली होती. तिला पक्कं ठाऊक होतं, एकदा तो दिवाण खोलीत आला की पुन्हा बाहेर जायचा नाही. घरात आलेलं फर्निचर आणि घरात आलेला अबोला, दोन्ही जागा धरून बसतात.

बुधवारी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिचे गुडघे वाकवून पाहिले आणि सहज विचारलं, "घरी बाकी सगळं ठीक?"

"बाकी म्हणजे?"

"बाकी म्हणजे बाकी."

"बाकी बंद आहे," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग बाई हसायच्या थांबल्या आणि कामाचं बोलल्या. जेवणानंतरची गोळी लागू पडली, गरम पाण्याने अंघोळ झाली, की सांधे सगळ्यात मऊ असतात. गुडघे दुमडायचे नाहीत, मनगटावर भार द्यायचा नाही. "आणि हे रात्रीच हवं, असं कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही."

शनिवारी सकाळी नवरा पेपर वाचत होता, तेव्हा तिने सुरुवात केली.

"काटेकोर, एक सांग. एखादा काटा न तपासताच तू भंगारात काढतोस का?"

"छे! असं कसं करता येईल?"

"मग मला कसं काढलंस?"

त्याने पेपर खाली ठेवला. वाद भावनेचा असता तर तो नक्की निसटला असता. पण हा सरळ पद्धतीचा प्रश्न होता, आणि तिथे तो अडकला.

दुपारी ती अंघोळ करून पलंगावर आडवी झाली, तेव्हा तो वजनांची पेटी घेऊन आला. सासूबाई बाहेर मालिका बघत होत्या. लोखंडी वजनं बघून त्यांनी विचारलं, "हे काय रे?"

"तपासणी आहे," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

"आधी शून्य घेऊ," तो आत म्हणाला. "काही न ठेवता किती दुखतंय? दहापैकी."

"उजवा खुबा चार. डावा दोन. मनगट पाच."

"चार म्हणजे नक्की किती? एकक नाही, प्रमाण नाही. मला काहीतरी ठरावीक हवं."

"चार म्हणजे पाहुण्यांसमोर आई म्हणतात ना, 'आमची सून जरा नाजूक आहे,' तेवढं."

"आणि पाच?"

"त्यावर तू गप्प बसतोस, तेवढं."

त्याने ते प्रमाण निमूटपणे मान्य केलं. मग पहिलं वजन उजव्या खुब्यावर ठेवलं.

"अरे, गार आहे ते!"

"लोखंड आहे."

"टॉवेलात गुंडाळ. बायको तपासतोयस, बटाट्याचं पोतं नाही."

टॉवेलात गुंडाळून तो एकेक वजन चढवत गेला. दर वेळी "दुखतंय का?" विचारायचा.

"हो. तुझ्या प्रश्नांनी."

बाहेर टीव्हीचा आवाज वाढला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आईला ऐकू जातंय वाटतं," तो कुजबुजला.

"जाऊ दे. पुढचं ठेव."

शेवटी निकाल लागला. दुखणं एका अंकाने वाढलं की थांबायचं, या नियमाने उजवा खुबा आठ किलो, डावा चौदा. त्याचं स्वतःचं वजन एकाहत्तर. परीक्षा रद्द झालेल्या मुलासारखा सुटकेचा श्वास टाकून तो पलंगाच्या कडेवर बसला.

"बघ, मी म्हणत होतो ना. क्षमतेच्या बाहेर आहे."

ती छताकडे बघत पडून राहिली. त्याला वाटलं, रडेल. तिचं पोट हलायला लागलं, तेव्हा कळलं की ती हसत होती.

"अरे शहाण्या, इतकी वर्षं काटे तपासतोयस. मी काटा आणि तू वजन, हे कुणी ठरवलं?"

"म्हणजे?"

"माझं वजन एकोणपन्नास. तुझी क्षमता किती?"

विचार करू लागला की त्याच्या कपाळावर तीन आठ्या पडत. आता तीनही पडल्या.

"कधी तपासली नाही," त्याने कबूल केलं.

"मग आडवा हो. तुझ्यावर एकेक वजन चढवायला माझी बोटं चालत नाहीत. त्यामुळे मी एकदमच येते."

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. गुडघे दुमडायचे नव्हते, मनगट टेकवायचं नव्हतं, आणि तो अंग चोरून इतका ताठ पडला होता की ती दोनदा घसरली. तिसऱ्या वेळी तिने त्याला बजावलं, "सैल सोड. तू दवाखान्यातला काटा नाहीस." मग त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. आधी बोटांची टोकं, मग पंजा, मग हाताचं सगळं वजन. ती ओरडली नाही. तिने नाक त्याच्या मानेत खुपसलं आणि म्हणाली, "साबण बदललास? मला सांगितलं नाहीस."

"दोन महिने झाले."

"बघ, किती लांब होते मी."

पुढे काही वेळाने ओरडला तो. त्याच्या पोटरीत गोळा आला होता.

"आई गं!"

बाहेर टीव्ही आणखी वाढला. तेवढ्यात दाराची घंटाही वाजली.

"दिवाण आणलाय, मावशी," सुताराचा आवाज आला. "साहेबांनी सांगितला होता. कुठल्या खोलीत ठेवू?"

पलंगावर दोघं श्वास रोखून पडले. त्याने उठायला मान उचलली. तिने उजव्या खुब्याची पर्वा न करता सगळा भार त्याच्यावर टाकला आणि त्याला जागच्या जागी दाबून धरलं.

"माझ्या खोलीत," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तकं ठेवायला जागाच नव्हती मेली."

"पण मोजमाप तर साहेबांच्या खोलीचं होतं."

"साहेबांचं मोजमाप चुकलं होतं. आणि हळू ठेवा, आपटू नका. साहेब कामात आहेत."

आत ती त्याच्या खांद्यात तोंड दाबून हसली. तोही हसला, आणि त्याच्या हसण्याबरोबर ती वरखाली हलत राहिली.

नंतर तिने आस्ते कुशीवर वळून भार उतरवला. तो छताकडे बघत पडून राहिला, पोटरी चोळत. केस विस्कटलेले, चेहरा लाल, तरी सवय कुठे जाते?

"उतरल्यावरचं शून्य घ्यायचं राहिलं," तो म्हणाला. "काही न ठेवता आता किती?"

तिने डोळे मिटले आणि एकेक सांधा नीट तपासला.

"उजवा खुबा तीन," ती म्हणाली. "डावा दोन. मनगट पाच."