फक्त याच वाडग्यातलं

मित्रांनो, गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेला मी एनॅमलचा जुना वाडगा आहे. माझी निळी किनार तुम्हाला दारातूनही दिसेल. बुडाला पाडलेलं भोक मात्र जवळ आल्याशिवाय दिसायचं नाही. ते कसं पडलं ते ऐका. बाहेर पानं गळायला लागली असतील आणि घरात एखादं मुकं जनावर असेल, तर जरा लक्ष देऊनच ऐका.

पत्र्याला खोलगट आकार देऊन मला घडवलं, पांढरा लेप चढवला, भट्टीत भाजलं. गॅरेजच्या वरच्या खोल्यांत मेकॅनिक आणि त्याची धाकटी बहीण राहतात. तिच्या ओट्यावर मी बरीच वर्षं पीठ भिजवून घेतलं. मग एकदा कडेचा टवका उडाला आणि माझी रवानगी खाली झाली, ढब्बूकडे.

ढब्बू म्हणजे नावाला जागणारा, तपकिरी, गोल कुत्रा. मेकॅनिक त्याला जिवापाड जपायचा. पानगळ लागली की मग तर विचारूच नका. गारठ्याने उंदीर आत शिरत, पण उंदरांचं औषध त्याने कधी उंबरठा ओलांडू दिलं नाही. ढब्बू पानांच्या ढिगात लोळून आला की हा त्याचे कान उलटेपालटे करून गोचीड शोधत बसे. गॅरेजात तेलाचे नि रंगाचे डबे पसरलेले, म्हणून त्याने एक शिस्तही लावली होती. ढब्बूने भलतीकडे तोंड नेलं की, "अंहं! फक्त याच वाडग्यातलं!" आणि बोट माझ्याकडे.

ढब्बू शिकला. बादली असो, डबकं असो, नुसतं हुंगून तो माझ्याकडे यायचा. गिऱ्हाइकं कौतुक करायची आणि मी आपला फुगून बसायचो. एका जिवाचा सगळा भरवसा माझ्यावर होता. त्यात भिण्यासारखं काही आहे, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी पानं लवकर गळली. थंडीच्या आधी गाडी दाखवून घ्यायला गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. मेकॅनिक एका गाडीखाली पाठ टेकून पडला होता, तेवढ्यात वरची नळी सुटली. त्याचा हात बाहेर आला, फरशीवर चाचपडला. हाताला मी लागलो. माझ्यातलं पाणी त्याने ओतून दिलं आणि मला आत ओढलं.

टप. टप. टप.

माझ्यात हिरवं काहीतरी साचू लागलं. इंजिन तापू नये नि थंडीत गाडीतलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते कूलंट. वासाला गोड, चवीला त्याहून गोड, आणि पोटात गेलं की विष. नळी बसवून झाल्यावर त्याने मला बाजूला सरकवलं. तेवढ्यात दारात दुसरी गाडी वाजली आणि तो तसाच उठून गेला.

ढब्बू आत आला. पाठीवर एक वाळकं पान चिकटलेलं. वाटेतली बादली त्याने हुंगली, सोडली. शहाणा तो! शेपूट हलवत माझ्यापाशी आला. आयुष्यात पहिल्यांदा मला कलंडावंसं वाटलं, पण वाडग्याला स्वतःहून कलंडता येत नाही.

थोड्या वेळाने बहीण चहा घेऊन खाली आली.

"दादा, हा झिंगल्यासारखा का चालतोय रे?"

"जेवला असेल दाबून. माझ्यावर गेलाय."

"तू जेवलास की घोरतोस. असा भिंतीला धडकत नाहीस."

"अगं, झोपला की होईल ठीक."

ती हसली नाही. तिने ढब्बूचं तोंड उचलून पाहिलं. मिशांना हिरवे थेंब होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"दादा, याच्या वाडग्यात काय ओतलंयस तू?"

चहा तिथेच राहिला. दोघांनी ढब्बूला गिऱ्हाइकाच्याच गाडीत घातलं. पुढचं मी बहिणीच्या तोंडून ऐकलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपू दिलं असतंत, तर उठून बराही वाटला असता. आणि आत मूत्रपिंडं गेली असती. लगेच आणलात म्हणून औषधाचा उपयोग."

ढब्बू बरेच दिवस तिथे राहिला. तो घरी यायच्या आदल्या दिवशी मेकॅनिकने मला घासून घासून धुतलं, उलटं ठेवलं आणि छिन्नीच्या एकाच घावात माझ्या बुडाला भोक पाडलं. माझ्यात आता काहीच राहू शकत नाही. ना पाणी, ना दुसरं काही.

ढब्बूचा नवा वाडगा वरच्या खोल्यांच्या दाराशी असतो, कामाच्या हातापासून लांब. आता पुन्हा पानं गळताहेत. काल एक गाडी आली, टपटप सुरू झाली, गाडीखालून हात बाहेर आला, फरशीवर चाचपडला. काहीच लागलं नाही. मेकॅनिक गुमान उठला आणि लोखंडी ट्रे घेऊन आला.

मित्रांनो, तुमचं जनावर ज्या भांड्यात जेवतं, त्यात घटकाभरही दुसरं काही ठेवू नका. गाडीखाली ओघळलेलं लगेच पुसा. जनावर अडखळलं, तर हसण्याआधी त्याचं तोंड बघा.

ढब्बूला यातलं काही ठाऊक नाही. आजही तो या भिंतीखाली येतो, मान वर करून माझ्याकडे बघतो आणि शेपूट हलवतो. मला भीती वाटते ती त्याच्या या भरवशाचीच.